सोडला खरं

बॉल पोस्टच्या बाहेर चाललाय हे आमच्या अख्ख्या गॅलरीला दिसत होतं. गोव्याच्या टीममधल्या एका उंच गड्यानं लांबून हाणलेला तो फटका हवेत वळत वळत उत्तरेकडच्या गोलाकडे येत होता, आणि त्या गोलाच्या बरोबर मागे आम्ही पागा तालमीचे लोक पायऱ्यांवर उभे होतो. हलगी कडाडत होती. माझ्या शेजारी बळूतात्या नेहमीसारखे घसा ताणून ओरडत होते. पुढच्या रांगेत कुणीतरी शेंगा फोडून टरफलं माझ्या पायावर टाकत होतं. गोलात आमच्या कोल्हापूरच्या क्लबचा दौलू सुतार उभा होता. त्यानं एक पाऊल टाकलं, हात पुढे नेले, आणि मग ते परत मागे घेतले. बॉल त्याच्यासमोर टप्पा खाऊन आत वळला आणि पोस्टच्या आतल्या अंगाला घासून जाळीत गेला.

हलगी थांबली.

"तात्या, बघितलंसा न्हवं?" मी म्हणालो. "हात नेलता त्यानं. परत घेतला."

"बघितलं की!" तात्यांच्या आवाजानं पुढच्या दोन रांगा मागे वळल्या. "इकला गेलाय त्यो. शेवटी तोफखान्याचंच बेणं!"

त्या एका गोलानं आम्ही हरलो. तेवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण पुढच्या रविवारी शेवटची मॅच होती, आणि ती हरलो तर टीम लीगमधून बाहेर जाणार होती. टीम बाहेर गेली की मालक क्लब बंद करणार, हे कोल्हापुरात पानपट्टीवाल्यालाही ठाऊक होतं.

क्लबचं ते पहिलंच वर्ष. परवा क्लबवाल्यांनी आम्हा जुन्या प्रेक्षकांना आठवणी सांगायला बोलावलं, तेव्हा जो तो गोलांच्या आठवणी सांगत होता. मला तो आठवडा आठवत राहिला. पगार घेऊन फुटबॉल खेळायचा ही कल्पनाच तेव्हा आम्हाला चमत्कारिक वाटायची. त्याहून चमत्कारिक म्हणजे आमच्या पागा तालमीचे आणि तोफखाना तालमीचे खेळाडू एकाच रंगाची जर्सी घालून एकमेकांना पास देणार होते. कोल्हापुरात प्रत्येक तालमीची आपली फुटबॉल टीम असते, आणि त्या दोन तालमींत तर सोयरीकसुद्धा जमत नसे. त्यात गोलकीपर म्हणून आमच्या माणसाला डावलून तोफखान्याचा दौलू घेतला, म्हणून पागानं जवळजवळ अख्खा हंगाम स्टेडियमकडे पाठ फिरवली. शेवटच्या दोन मॅच राहिल्या तेव्हा तात्याच म्हणाले, "गावाची टीम हाय, किती दिवस रुसायचं?" म्हणून त्या रविवारी आम्ही पहिल्यांदा गेलो आणि आमच्या जुन्या जागेवर, गोलामागे, जाऊन बसलो. आणि पहिल्याच दिवशी हे बघायला मिळालं.

मी तसा जन्माचा संशयी. बायको म्हणते, देवळात प्रसाद दिला तरी तुम्ही आधी वास घेऊन बघता. माझं स्पेअर पार्टचं दुकान, तिथं खरं-खोटं पारखण्यातच दिवस जातो, त्यामुळे नजरच तशी झाली होती. आणि दौलूबद्दल संशय घ्यायला मजबूत कारण होतं. तालमींच्या मॅचमध्ये तोफखान्याचा कीपर आमच्यासमोर आला की त्याला फसवायचं, ही पागाच्या गॅलरीची जुनी रीत. बॉल अगदी आत येत असला की मागून हाळी द्यायची, "सोड, सोड, भाईर चाललाय!" भलेभले कीपर त्या हाळीला भुलून बघत राहिलेले मी पाहिलेत. दौलू मात्र कधी भुलला नाही. तो बॉल धरायचा, मागे वळायचा आणि गॅलरीला हसून रामराम घालायचा. इतकी वर्षं आम्ही घसे फोडले तरी ज्यानं एक बॉल सोडला नाही, त्यानं आता आपणहून कसा सोडला? ह्याचं उत्तर मला एकच सुचत होतं.

सोमवारी त्या उत्तराला पुरावाही मिळाला. उद्यमनगरात बेअरिंग आणायला गेलो होतो. दौलू तिथल्याच एका वर्कशॉपात लेथवर काम करायचा. क्लबचा पगार सुरू झाला तरी त्यानं ते सोडलं नव्हतं. वर्कशॉपसमोर गोव्याच्या नंबरची जीप उभी होती, आणि त्या जीपमधून दौलू खाली उतरत होता. ड्रायव्हरनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. दोघं हसले.

मी बेअरिंग न घेताच परत फिरलो आणि थेट तालमीत गेलो.

"गोव्याची जीप?" तात्यांनी विचारलं. तात्या हे आमच्या तालमीतलं वडीलधारं माणूस. गिरणीत मागावर आयुष्य गेलेलं, त्या खडखडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता की त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट चौकात ऐकू जायची. "तू सोताच्या डोळ्यांनी बघितलास?"

"ह्याच डोळ्यांनी."

"मग आता कसली वाट बघायची? सरांना गाठूया."

सर म्हणजे क्लबचे कोच, पुण्याचे खांबेटे. शिस्तीचा माणूस. पोरं 'पानी' म्हणाली की ते 'पाणी' म्हणून दुरुस्त करायचे. बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं स्टेडियमखालच्या त्यांच्या खोलीत गेलो. मी जीपची हकिकत सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"आवश्यकता नाही. मी त्याला काल बोलावून सरळ विचारलं. त्याने कबुली दिली आहे."



"कबुली?" तात्या म्हणाले.

"हो. चेंडू आपण सोडला, हे त्याने मान्य केलं. मी त्याला तिथेच थांबवलं आणि घरी पाठवलं. रविवारी तो खेळणार नाही. ह्याहून जास्त मला ऐकायचं नव्हतं, आणि तुम्हीही हे बाहेर बोलू नका."

बाहेर बोलू नका हे तात्यांना सांगणं म्हणजे हलगीला हळू वाज म्हणण्यासारखं. त्या रात्रीच सगळ्या पेठांत झालं, दौलूनं कबूल केलं. आणि शुक्रवारी सकाळी त्याच्या दारावर कुणीतरी कोळशानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'फितूर'.

हा शब्द आमच्याकडे साधा नाही. चोर म्हटलेलं माणूस विसरतं, दारुडा म्हटलेलंही विसरतं. फितूर म्हटलं की ते घराला चिकटतं, नातवंडांपर्यंत. मी मुद्दाम वाट वाकडी करून ते बघायला गेलो. दौलूची बायको ओल्या फडक्यानं दार घासत होती. 'फि' गेला होता, 'तूर' राहिलं होतं. मी विचारलं, "दौलू हाय का?"

"कामावर गेल्यात," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिथून निघालो आणि माझ्या मनात किडा वळवळायला लागला. आधी वाटलं, दया येतेय. पण ती दया नव्हती, तो माझा नेहमीचाच संशय होता, फक्त आता तो दुसऱ्या बाजूनं यायला लागला होता. विकला गेलेला माणूस कबूल का करेल? माझ्या दुकानात बनावट माल खपवायला येणारे कमी नव्हते. रंगेहाथ धरलं तरी आईची शपथ घेऊन नाही म्हणायचे. मग हाच एक फितूर असा कसा, की एका प्रश्नात पोपटासारखा बोलला? आणि बोलला तर मग रोज नेमानं कामावर कसा जातोय?

शनिवारी दुपारी मी तात्यांना म्हणालो, "चला, सरांकडं परत जायचं हाय."

"आता काय ऱ्हायलं?"

"ह्यात कायतरी पाणी मुरतंय तात्या. सरच काय लपवत नसतील कशावरनं?"

तात्या माझ्याकडे असे बघायला लागले, जणू आता ह्याला डॉक्टरकडेच न्यावं लागणार. पण आले.

खांबेटे सर फळ्यावर उद्याची टीम लिहीत होते. गोलात दुसऱ्याच पोराचं नाव होतं.

"सर," मी म्हणालो, "दौलू तुम्हाला काय म्हनाला, तेवढं त्याच्या शब्दांत सांगा."

"सांगितलं ना मी. कबुली दिली."

"तुमच्या न्हाई, त्याच्या शब्दांत."

सरांनी खडू खाली ठेवला. वैतागले होते. "ठीक आहे. मी विचारलं, 'तू चेंडू सोडलास का? स्पष्ट उत्तर हवं आहे.' तो म्हणाला, 'बॉल मी सोडला खरं.' बस्. ह्याहून स्पष्ट काय असतं?"

 तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तात्यांकडे बघितलं.

"फुडं?" तात्या म्हणाले.

"पुढे काय? मी म्हटलं, 'पुरे'. आणि तो गेला."

"अवो सर, फुडं काय म्हनाला त्यो?"

"पुढे काय म्हणायचं राहिलं? सोडला, हे खरं आहे, असं तो..."

"खरं म्हंजे पण!" तात्या एवढ्यानं ओरडले की खिडकीची काच थरथरली.

"काय?"

मला हसावं की रडावं कळेना. "सर, आमच्यात 'पण' म्हनत न्हाईत. आमी 'खरं' म्हनतो. येतो खरं उशीर होईल. जेवलो खरं पोट भरलं न्हाई. 'बॉल मी सोडला खरं' म्हंजे 'बॉल मी सोडला, पण...' त्याचं बोलनं सुरू झालतं सर. तुमी मधेच तोडलासा."

खांबेटे सर हळूच खुर्चीवर बसले. एक वर्ष ह्या माणसानं आमच्यात काढलं होतं, हजार वेळा 'खरं' ऐकलं असेल, आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटत होतं की कोल्हापूरची माणसं फार सत्यवादी आहेत.

"मग तो 'पण' काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तेच बघूया चला," मी म्हणालो. संशय अजून गेला नव्हता. 'पण'च्या पुढे काहीही असू शकतं. सोडला, पण मला धमकी होती. सोडला, पण बायको आजारी होती. त्या जीपचा उलगडा अजून व्हायचाच होता.

सर स्कूटरवर आणि आम्ही दोघं माझ्या लुनावर, असे उद्यमनगरात पोचलो. वर्कशॉपसमोर तीच जीप उभी. मी तात्यांना ढोसलं. "बघा. बघा!"

आत तीन लेथ चालू होते. त्या आवाजात एकमेकांच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय काही कळत नव्हतं. दौलू आणि तो गोव्याचा ड्रायव्हर एक लांबलचक लोखंडी दांडा उचलून बाहेर आणत होते.

"ह्ये काय?" मी दांड्याकडे बोट दाखवत ओरडलो.

"बोटीचा शाफ्ट," दौलू म्हणाला. "वाकल्याला. सोमवारी मीच जीपमधी चढून उतरवून घेतला. सरळ करून द्यायला हवा हुता. तिकडं असलं काम हुईत न्हाई, इकडंच घेऊन येतात." त्यानं शाफ्ट जीपच्या मागे टेकवला, हात फडक्याला पुसले आणि आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि रागापेक्षा तेच मला जास्त लागलं.

जीप निघून गेली. सर पुढे झाले. "दौलत, त्या दिवशी मी तुला मधेच थांबवलं. माझी भाषेची चूक झाली. 'सोडला खरं', त्याच्या पुढे तुला काय म्हणायचं होतं?"

दौलू हसला. "आता ऱ्हाऊ दे की सर. गोल झाला ते झाला."

"राहू दे कसं? दारावर काय लिवलंय ते..." मी म्हणालो.

"बायकोनं पुसलं."

"पुसून जातंय व्हय?" तात्या गरजले. "तुज्या मनात पाप न्हाई तर बोलत का न्हाईस? आं? बोल की!"

दौलूनं तात्यांकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग मान खाली घालून हातातलं फडकं चुरगाळत म्हणाला, "बोलतो. सोडला खरं, मागनं हाळी आली. 'सोड, भाईर चाललाय' म्हनून."

"मग?" सर म्हणाले. "त्यात नवीन काय?"

"नवीन हाय की सर. धा वर्सं मी ही हाळी ऐकालोय. हाळी आली की समजायचं बॉल आत येतोय, आणि धरायचा. हातांना सवयच झाल्या. त्या दिवशीबी हात गेले. खरं मनात आलं, आज ही मानसं आपल्या बाजूनं बसल्यात. पैल्यांदाच आल्यात. आज कशाला फसवतील? बॉल भाईर चालला आसंल, हात लावला तर कॉर्नर जाईल, म्हनून आपुलकीनं सांगालेत." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "म्हनून हात मागं घेतला."

"कुनी दिली हाळी?" तात्यांनी विचारलं.

तीन लेथ चालू होते. शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नव्हतं, आणि तात्यांचा तो प्रश्न शेडच्या पार टोकापर्यंत गेला. टोकाच्या लेथवरचा कामगार दचकून वळला आणि त्यानं मशीन बंद केलं. मग दुसऱ्यानं केलं. मग तिसऱ्यानं. सगळे तात्यांकडे बघत होते.

तात्यांचं तोंड उघडंच राहिलं.

मी त्यांच्या शेजारी उभा होतो त्या दिवशी. खांद्याला खांदा लावून. हाळी माझ्या कानापासून वीतभर अंतरावरून गेली होती, आणि आठवडाभर सगळ्या गावावर संशय घेताना ती मला एकदाही आठवली नव्हती. घरातल्या घड्याळाचे ठोके कुठे ऐकू येतात?

"गर्दीत काय वळखतंय तात्या," दौलू म्हणाला. "धा-वीस जन वरडत हुते."

अख्ख्या कोल्हापुरात असा दुसरा घसा नव्हता. हे दौलूला कळत होतं, मला कळत होतं, आणि आता तात्यांनाही कळलं होतं. आठवडाभर ज्या आवाजानं गल्लोगल्ली फितूर म्हणून हाकाटी केली, ती हाळीही त्याच आवाजाची होती. मंगळवारी सरांसमोर दौलू ते नाव सांगायला निघाला होता की नव्हता, देव जाणे. पुरे म्हटल्यावर मात्र तो गप्प बसला होता, आणि गप्पच राहिला होता.

"मला खरंच भाईर चालल्याला दिसला रं," तात्या म्हणाले. त्यांचा एवढा बारीक आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "आईशप्पत. त्या दिवशी फसवायचं म्हनून न्हवतं."

"दिसलाच की," दौलू म्हणाला. "मलाबी तसाच दिसला."

खांबेटे सर स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, "उद्या दोनला हजर राहा. तू खेळतो आहेस."

त्या संध्याकाळी तात्या तालमीच्या कट्ट्यावर उभे राहिले आणि चारचौघांत म्हणाले, "हाळी माजी हुती. पोरगं माझ्यावर इस्वास टाकून फसलं." लोक ऐकत राहिले. आणि मग मागून कुणीतरी हलकेच बोललं, "तात्यालाच फोडला काय की तोफखान्यानं?" मी वळून बघितलं, कोण ते दिसलं नाही. आठवडाभरापूर्वी हे मीच बोललो असतो, त्यामुळे मला फार बोलताही आलं नाही.

रविवारी तात्या आले, पण जागेवर बसले ते तोंडाला कुलूप घालून. हलगी वाजली, शेंगा फुटल्या, मुंबईच्या टीमवर शिव्यांचा पाऊस पडला. तात्या टॉवेलचं टोक तोंडाशी धरून बसलेले. आम्हाला बरोबरी पुरेशी होती, पण मुंबईवाले तुटून पडत होते. हाफटाईमला बाजू बदलल्या आणि दौलू आमच्या समोरच्या गोलात आला.  कुणी त्याला शिवी दिली नाही, कुणी टाळीही वाजवली नाही. त्यानं दोन्ही पोस्टना हात लावून नमस्कार केला आणि मागे वळला.

"तात्या, घसा बसला काय?"

तात्यांनी मान हलवली.

"मग द्या की हाळी. एकट्याला बरं वाटत न्हाई."

 तात्यांच्या तोंडावरचा टॉवेल तेवढा खाली आला.

मॅच संपत आली तेव्हा कॉर्नर मिळाला मुंबईला. ऊन कलतं होतं आणि बरोबर दौलूच्या डोळ्यांत येत होतं. बॉल उंच उडाला, उन्हात शिरला आणि दिसेनासा झाला. दौलूनं एक हात कपाळावर धरला, मान इकडे वळवली, तिकडे वळवली. त्याला बॉल सापडत नव्हता.  मी तात्यांकडे बघितलं. ते उभे राहिले होते, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता.

मग फुटला.

"धर!"

दौलू उडाला. बॉल दिसला म्हणून उडाला असं मला आजही वाटत नाही. त्यानं हात वर नेले आणि ते मागे घेतले नाहीत, आणि बॉल येऊन त्या हातांत बसला. तो बॉल पोटाशी घेऊन खाली पडला, तसाच काही क्षण पडून राहिला. शिट्टी झाली तेव्हा बरोबरी होती, आणि क्लब वाचला होता.

हलगीवाल्यानं हलगी फोडायचीच बाकी ठेवली. दौलू उठला, मागे वळला आणि जुन्या सवयीनं हसून तात्यांना रामराम घातला. तात्यांनी उलट रामराम घातला नाही. ते मटकन खाली बसून रडत होते, आणि त्या रडण्याचाही आवाज एवढा मोठा होता की समोरच्या गॅलरीत बसलेले तोफखान्याचे लोक उठून उभे राहिले.